कासवं मोजणाऱ्याला पगार कोण देतं?

मार्च महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर बरीच माणसं थंडीत कुडकुडत उभी असतात. कुंपणातल्या घरट्यावरची टोपली उचलली जाते. खाली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वळवळताना दिसली, की मुलांची पुढे जाण्यासाठी धडपड सुरू होते. पालकांची नजर मात्र थोड्या वेळाने पिल्लांवरून हलते आणि वहीत आकडा लिहिणाऱ्या तरुण कार्यकर्त्यावर जाते. मग प्रश्न येतो, ‘‘हे शिकायचं कुठे?’’ आणि आवाज जरा खाली आणून दुसरा, ‘‘यात पोट भरतं का हो?’’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण ‘समुद्र वाचवणे’ या नावाचं पद कुठल्याच जाहिरातीत नसतं. जाहिराती निघतात त्या मासे मोजणाऱ्यांसाठी, नकाशे करणाऱ्यांसाठी, जाळी तपासणाऱ्यांसाठी, अधिसूचनेचा मसुदा लिहिणाऱ्यांसाठी. यातला एकेक जण स्वतंत्रपणे फारसं काही वाचवत नाही. एकाने मोजलेला आकडा दुसऱ्याच्या हातून नियमापर्यंत पोचतो, तेव्हा कुठे एखादं कासव जाळ्यातून सुटतं. हा प्रवास कसा होतो हे कळलं, की त्यात आपली जागा कुठे हेही ठरवता येतं.

१. पाण्याबाहेरचं काम

सागरी संशोधक म्हटलं की पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून प्रवाळांमधून पोहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. लक्षद्वीप-अंदमानात काम करणाऱ्यांच्या बाबतीत ते चित्र काही दिवस खरंही असतं. मुंबईजवळच्या गढूळ पाण्यात मात्र हाताची बोटं दिसायची मारामार. इथला संशोधक उजाडण्याआधी ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर हजर असतो. हातात मोजपट्टी आणि वजनकाटा, पायात गमबूट, आणि ‘‘काय रे, आज पण मोजणार का?’’ अशी कोळणींची चेष्टा. दुपारनंतर तो संगणकासमोर बसतो. महिन्यातून दोन-चार दिवस बैठका असतात, आणि तिथे मासा फक्त पडद्यावरच्या आलेखात दिसतो.

या पेशाचे दोन भाग आहेत. समुद्रात काय घडतंय, हा विज्ञानाचा प्रश्न. मग काय करायचं, ते कोणी करायचं आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून, हा धोरणाचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर चुकलं तर दुसरा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. पण पहिल्याचं उत्तर अचूक आलं म्हणून दुसरा सुटतो, असंही नाही. विज्ञान शिकून आलेली बरीच हुशार मुलं इथेच निराश होतात. त्यांना वाटतं, पुरावा दिला की नियम होतो.

२. सगळे मासे कोणी मोजत नाही

भारताच्या किनाऱ्यावर वर्षाला किती मासळी उतरते, याचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था काढते. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे, आणि मुंबईत तिचं केंद्र आहे. देशात मासळी उतरवण्याची ठिकाणं बाराशेहून जास्त. प्रत्येक ठिकाणी, रोज, प्रत्येक होडीची टोपली तोलणं कोणत्याही सरकारला परवडणार नाही. म्हणून नमुना घेतात. नमुना घेण्यातही मेख असते.

समजा, एका बंदरात ६० होड्या लागल्या. त्यांतल्या २० ट्रॉलर आहेत, ४० लहान डोल जाळ्यांच्या. ट्रॉलरला सरासरी ६०० किलो मासळी मिळते, डोलवाल्याला १०० किलो. खरी बेरीज झाली १२,००० आणि ४,००० मिळून १६,००० किलो. आता नवशिक्या माणसाने घाईत समोर दिसतील त्या ६ होड्या मोजल्या. मोठ्या होड्या चटकन नजरेत भरतात, म्हणून त्यांत ५ ट्रॉलर आल्या आणि डोलची एकच. सरासरी निघाली साधारण ५१७ किलो. तिला ६० ने गुणलं की ३१,००० किलो. जवळजवळ दुप्पट! काटा बरोबर होता आणि गुणाकारही बरोबर होता. होड्या आधी प्रकारानुसार वेगळ्या केल्या असत्या, प्रत्येक गटातल्या तीन-तीन मोजल्या असत्या, तर आकडा खऱ्याच्या जवळ आला असता. गट पाडून नमुना घेण्याची हीच पद्धत संस्था १९५० च्या दशकापासून घडवत आली आहे.

पुढची पायरी प्रयत्नाची. यंदा गेल्या वर्षीएवढेच बोंबील आले, म्हणजे सगळं ठीक आहे असं सरकारी कागद म्हणू शकतो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मात्र सांगतो, पूर्वी एका दिवसात भरायचं ते आता तीन दिवसांत भरतं. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून आलेल्या मासळीला समुद्रात घालवलेल्या तासांनी भागतात. हा भागाकार वर्षानुवर्षं उतरत गेला तर समुद्रात मासा कमी होतोय असं समजायचं, बाजार भरलेला दिसला तरी.

३. किनाऱ्याने चालणारा माणूस

मोजणीत काय ताकद असते हे पाहायचं, तर सतीश भास्कर यांची गोष्ट सांगावीच लागते. केरळात १९४६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने आयआयटी मद्रासमधलं इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं आणि मद्रास स्नेक पार्कच्या मंडळींबरोबर समुद्री कासवांच्या मागे लागला. १९७० च्या दशकात भारताच्या कोणत्या किनाऱ्यावर कोणतं कासव अंडी घालतं, याची धड यादीसुद्धा नव्हती. भास्कर यांनी ती चालून तयार केली. कच्छचं आखात, लक्षद्वीप, अंदमान, निकोबार असा चार हजार किलोमीटरच्या आसपास किनारा त्यांनी पायाखाली घातला. सोबत असायची वही आणि थोडा शिधा.

हिरवं कासव लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर ऐन पावसाळ्यात अंडी घालतं. त्या काळात बेटाकडे एकही होडी येऊ शकत नाही. म्हणून १९८२ च्या पावसाळ्यात भास्कर पाच महिने त्या निर्मनुष्य बेटावर एकटे राहिले. पत्नीला लिहिलेलं पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडली आणि त्याने ते पत्र घरच्या पत्त्यावर पाठवून दिलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्या पाच महिन्यांतल्या घरट्यांच्या नोंदींबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि खरा ऐवज तर तोच आहे. ‘तेव्हा किती होती’ हे माहीत असल्याशिवाय ‘आता कमी झाली’ हे वाक्य बोलताच येत नाही. शेवटची वर्षं भास्कर गोव्यात राहिले. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

आज हेच काम उपकरणंही करतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा तो प्रकल्प. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. म्हणजे कोकणातलं कासव आणि ओडिशातलं कासव यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे गृहीतक डळमळलं. २०२१ मध्ये ओडिशात पंखाला साधा धातूचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली, तेव्हा दुसऱ्या बाजूनेही पुरावा मिळाला. महागडं यंत्र आणि स्वस्तातला बिल्ला, दोघांनीही एकच गोष्ट सांगितली.

४. अंडी वाचवावीत की मोठी कासवं?

आता सगळ्यात रंजक भाग. हा समजायला सोपं गणित पुरतं.

जगभर कासव-संरक्षणाची सुरुवात अंड्यांपासून झाली, आणि ते साहजिकच होतं. अंडी दिसतात, गोळा करता येतात, कुंपणात ठेवता येतात. वेळासलाही २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, अंड्यांचंच रक्षण सुरू केलं. पण अंडी वाचली की कासवं वाढतातच का? अमेरिकेत हा प्रश्न डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघांनी विचारला. १९८७ मध्ये त्यांनी लॉगरहेड जातीच्या कासवांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यात किती जगतात ते मांडायचं आणि कुठला टप्पा सुधारला तर संख्या वाढते ते पाहायचं, अशी त्यांची रीत.

तिचं घरगुती रूप पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, १०,००० अंडी आहेत. निम्म्यांतून पिल्लं निघतात, ५,०००. पहिल्या वर्षात पन्नासातलं एक जगतं, म्हणजे उरली १००. वयात यायला आणखी १० वर्षं लागतात आणि दर वर्षी शंभरातली ८० जगतात. या दहांपैकी पहिल्या वर्षअखेर ८०, दुसऱ्या वर्षअखेर ६४, असं करत दहाव्या वर्षी राहतात सुमारे ११.

पहिला उपाय: सगळीच्या सगळी अंडी वाचवली. १०,००० पिल्लं, वर्षअखेर २००, आणि दहा वर्षांनी सुमारे २१ कासवं.

दुसरा उपाय: अंड्यांकडे पाहिलंही नाही, पण मोठी होत असलेली कासवं दर वर्षी ८० ऐवजी ९० जगतील अशी व्यवस्था केली. १०० पासून सुरुवात केली तरी दहा वर्षांनी उरतात सुमारे ३५.

पहिल्या उपायात अंड्यांचं नुकसान पूर्ण थांबवलं, म्हणजे करण्यासारखं आणखी काही उरलंच नाही. तरीही तो मागे पडला. दुसऱ्यात दर वर्षीच्या जगण्यात थोडीशीच सुधारणा केली, पण ती दहा वेळा गुणली गेली. गळक्या हंड्यावर नळ कितीही मोठा सोडला, तरी भोक बुजवल्याशिवाय पाणी टिकत नाही, त्यातलीच ही गत. क्राउझ आणि मंडळींच्या खऱ्या आकडेमोडीतही असंच निघालं: लॉगरहेडची सगळी अंडी वाचवली तरी घसरण थांबत नव्हती, अर्धवट वाढलेली मोठी कासवं वाचवली तर थांबत होती.

म्हणून वेळासचं काम वाया गेलं, असा अर्थ कोणी काढू नये. तिथे घरट्यांचा नाश जवळपास पूर्ण होता आणि तो थांबवणं ही पहिलीच गरज होती. गावाला कासव आपलं वाटू लागलं, हा त्यातला आणखी एक लाभ. तो या गणितात मावत नाही. पण पैसे आणि माणसं मर्यादित असताना पुढचा रुपया कुठे खर्चायचा, हे सांगायला असं गणितच लागतं.

५. जाळ्यातली खिडकी

मोठी होत असलेली कासवं मरत कुठे होती? कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात. कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. तळावरून तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकलं, की ते बुडून मरतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अहवालात स्पष्ट लिहिलं, की किनाऱ्यालगतच्या पाण्यात माणसामुळे मरणाऱ्या वाढत्या आणि प्रौढ कासवांसाठी सर्वांत मोठं कारण कोळंबीचं ट्रॉलिंग आहे.

उपाय कोणत्या प्रयोगशाळेत तयार झाला? कुठल्याच नाही. जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून नावाच्या मच्छीमाराचं जाळं जेलीफिशनी भरून जायचं. वैतागून त्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस जाळ्यात तिरके लोखंडी गज बसवले आणि वर एक झडप ठेवली. कोळंबी गजांच्या फटींतून मागे जाते. जेलीफिश गजांवर आपटून झडपेतून बाहेर पडते. कासवही तसंच बाहेर पडतं, हे नंतर लक्षात आलं. सरकारी तंत्रज्ञांनी पुढे त्यात सुधारणा केल्या. कासव सुटका साधन, म्हणजे बोलीत ‘टेड’, ते हेच.

१९८७ मध्ये अमेरिकेने ते ठरावीक पाण्यात सक्तीचं केलं, आणि मग खरा गोंधळ सुरू झाला. कोळंबी निसटते, जाळं जड होतं, आम्ही मेलो तर कासवांना काय, असं म्हणत मच्छीमार उठले. १९८९ च्या जुलैत टेक्सास आणि लुइझियानाच्या बंदरांची तोंडं त्यांनी बोटी आडव्या लावून अडवली. ज्या साधनाचा जनक मच्छीमार होता, त्याच्याविरुद्ध मच्छीमारच. यात विनोद वाटतो, पण कारण साधं आहे: बूनने ते स्वतःच्या सोयीने बसवलं होतं, इतरांवर ते वरून आलं.

मग व्यापाराची बाजू पुढे आली. देशी मच्छीमार म्हणाले, आमच्यावर सक्ती आणि परदेशी कोळंबी मोकळी, हा कुठला न्याय? अमेरिकी संसदेने १९८९ मध्ये कायदा केला, की ज्या देशांच्या ट्रॉलरवर टेड नाही त्यांची समुद्रातली कोळंबी विकत घ्यायची नाही. १९९६ पासून तो सगळ्या जगाला लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ मध्ये तिथल्या अपील मंडळाने निकाल दिला. कासवांच्या रक्षणासाठी आयातीवर अटी घालता येतील, पण अमेरिकेने काही देशांशी वाटाघाटी केल्या, तयारीला वेळ दिला आणि इतरांना तसा दिला नाही, हा भेदभाव चालणार नाही. पर्यावरण कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवतात.

आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने भारतीय ट्रॉलरना झेपेल असं टेड तयार केलं. तरी वापर तुटपुंजा राहिला, आणि गेल्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला पुन्हा दार बंद केलं. शेतातल्या तळ्यांत वाढवलेल्या कोळंबीला ती बंदी लागत नाही, म्हणून एकूण निर्यातीचा आकडा फारसा हलला नाही. झळ बसली ती ट्रॉलरवाल्यांना.

आता या एका साखळीत किती पेशे आले ते पाहावं: मच्छीमार-कारागीर, किनाऱ्यावर मेलेली कासवं मोजणारे, गणित मांडणारे जीवशास्त्रज्ञ, जाळ्याचे अभियंते, मसुदा लिहिणारे, व्यापार कायद्याचे वकील. यांतल्या कोणालाही लहानपणी ‘मोठेपणी मी टेड बनवणार’ असं वाटलं नसणार.

६. समुद्र कोणत्या खात्यात बसतो?

धोरणाकडे वळणाऱ्याने सगळ्यात आधी हे पाठ करावं. कंटाळवाणं आहे, पण इथेच बहुतेकांचे अर्ज चुकीच्या टेबलावर पडतात.

रत्नागिरीसमोर एक कासव जाळ्यात अडकलं. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, म्हणजे वनखात्याचं. जाळं आणि होडी मत्स्यव्यवसाय खात्याची. ज्या वाळूत ते अंडी घालणार तिथलं बांधकाम किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेखाली, म्हणजे पर्यावरण खात्याचं. खाडीतून येणारं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. होडी १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत असेल तर मासेमारीचं नियमन राज्य सरकारकडे. त्याच्या पलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राकडे. कासवाला यातलं काहीच माहीत नसतं.

दोन खात्यांनी एकत्र काम केलं तर काय होतं, याचा चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे. संरक्षित प्राणी अडकला की त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. ‘प्राण्याला इजा करू नका’ एवढं सांगून भागत नव्हतं. २०१८ च्या डिसेंबरात राज्याने ठरवलं, की जाळं कापून प्राणी सोडला आणि त्याचे फोटो दिले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. कासवं, देवमुशी, डॉल्फिन सुटू लागले. शिवाय कुठे, कधी, कोणता प्राणी अडकतो याच्या नोंदी आपोआप मिळू लागल्या, ज्या गोळा करायला एरवी स्वतंत्र प्रकल्प लागला असता.

सगळंच इतकं सुरळीत होत नाही. पर्ससीन जाळ्यांचा वाद घ्या. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखं जाळं टाकून खालून त्याची गाठ आवळायची, म्हणजे थवाच्या थवा एका फेऱ्यात हाती लागतो. पारंपरिक मच्छीमारांनी तक्रारी केल्या, सरकारने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. अशा जाळ्यांची संख्या आणि हंगाम यांवर बंधन घालणारा आदेश निघाला २०१६ च्या फेब्रुवारीत. मधली वर्षं निवेदनं, मोर्चे, बैठका आणि फायलींत गेली, आणि वाद अजून धुमसतोच आहे.

कांदळवनांचा निकाल न्यायालयातून आला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडीला अंतरिम बंदी घातली आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम नको, असं त्यात आहे. पण कांदळवन नेमकं कुठे संपतं? हे ठरवायला उपग्रहाची छायाचित्रं, नकाशे आणि ते नकाशे चिखलात उतरून पडताळणारी माणसं लागली. वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये उभा राहिला. उपग्रह-नकाशांचं तंत्र येणाऱ्या जीवशास्त्राच्या पदवीधराला काम देणारी एक नवी जागा त्यामुळे तयार झाली.

७. शिकायचं कुठे, काम कुठे

महाराष्ट्रात सर्वांत सरळ वाट मत्स्यशास्त्राची. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी. पुढचं शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत घेता येतं. ती १९६१ पासून आहे. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्यांना गोवा विद्यापीठ आणि कोचीच्या विद्यापीठाचे सागरी विज्ञानाचे अभ्यासक्रम खुले आहेत. वन्यजीवांकडे ओढा असेल तर देहरादूनची वन्यजीव संस्था. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. प्रवाह, गाळ, पाण्याचं रसायन, अशा प्रश्नांत रस असणाऱ्यांसाठी ती वेगळंच दार उघडते.

कायमच्या नोकऱ्या थोड्या, आणि त्या परीक्षांमधून मिळतात. केंद्रीय मत्स्य संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी संशोधन सेवेची परीक्षा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी व्हायचं तर राज्य लोकसेवा आयोग. वनखात्यात वरच्या पदावर जायचं तर भारतीय वन सेवा. बाकीचं जग कराराचं. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, त्यात सहायक म्हणून नेमणूक, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. मुंबईची बीएनएचएस, बंगळुरूची दक्षिण फाउंडेशन, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांसारख्या संस्थांत कामाचा आनंद मोठा, पण घरचं कर्ज फेडायचं असेल तर वेळापत्रक बघूनच पाऊल टाकावं. ज्या पालकांनी ‘पोट भरतं का’ असं विचारलं, त्यांना खरं सांगायचं तर पोट भरतं, पण पहिली सात-आठ वर्षं पगाराची तारीख आणि गाव दोन्ही बदलत राहतात.

कौशल्यांत संख्याशास्त्र सर्वांत वर. त्याच्या खालोखाल लिहिता येणं, आणि त्याकडे जवळपास सगळे दुर्लक्ष करतात. रेचेल कार्सन यांनी १९३२ मध्ये प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि अमेरिकेच्या सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. तिथे त्यांचं काम पत्रकं आणि पुस्तिका लिहिण्याचं, संपादण्याचं होतं. समुद्रावरच्या १९५१ च्या पुस्तकाने त्यांना नोकरी सोडण्याइतकं स्वातंत्र्य दिलं, आणि १९६२ च्या पुस्तकाने डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा प्रश्न घराघरात नेला. दहा वर्षांनी अमेरिकेने शेतीत डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. संशोधन इतरांचं होतं. ते सामान्य माणसाला आणि खासदाराला एकाच वेळी कळेल असं मांडलं कार्सननी.

कोकणात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. हर्णैच्या बंदरावर तांडेलशी जाळ्याच्या आसाच्या आकारावर वाद घालता आला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी मंत्रालयात तोच मुद्दा पानभर टिपणीत उतरवता आला पाहिजे. दोन्ही जमणारी माणसं कमी असतात.

८. आकडा असूनही

ग्रेट निकोबार बेटावर गलाथिया नावाची खाडी आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री कासवाची, लेदरबॅकची, ती भारतातल्या महत्त्वाच्या घरट्यांच्या जागांपैकी एक. भास्कर यांनी तिथे घरटी मोजली होती. २००४ च्या त्सुनामीत वाळू वाहून गेली, पुढे किनारा पुन्हा तयार झाला, कासवंही परतली. लिटल अंदमानहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेल्या लेदरबॅक माद्या काही ऑस्ट्रेलियाकडे, काही आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेल्याचं पुढे दिसलं.

२०२१ च्या जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. केंद्राने समुद्री कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात गलाथियाचा उल्लेख महत्त्वाच्या जागांत होता. त्याच महिन्यात मालवाहू जहाजांच्या बंदरासाठी गलाथिया खाडीचं अभयारण्य रद्द करण्यात आलं. पुढच्या वर्षी प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, आणि लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी वेगळं अभयारण्य घोषित झालं. एका बेटाची घरटी दुसऱ्या बेटाने भरून निघतील का, यावर कासवांचे अभ्यासक साशंक आहेत. मादी जिथे जन्मते त्याच परिसरात परतते, हे त्यांचं कारण.

अशा प्रत्येक प्रकल्पासाठी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल लागतो. तो लिहिणाऱ्या सल्लागार कंपन्या आज सागरी जीवशास्त्राच्या पदवीधरांना नोकऱ्या देणाऱ्यांत मोडतात, आणि स्वयंसेवी संस्थांपेक्षा तिथला पगार सहसा बरा असतो. अहवालाचा खर्च प्रकल्प करणाराच देतो. त्याच अहवालाला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान दिलं गेलं, तर त्यातल्या नोंदी तपासणाराही सागरी जीवशास्त्राचाच कोणी पदवीधर असतो. एखाद्या खाडीत कासव ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल, तर तो आधी पाहणीच्या तारखा बघतो. लेदरबॅक तिथे मुख्यतः हिवाळ्यात येतं. पाहणी मे महिन्यात केली असेल, तर वाक्य खोटं नसतं आणि उपयोगाचंही नसतं. म्हणून अशा कंपनीत रुजू होणाऱ्याने करारातली दोन कलमं सहीआधी वाचून घ्यावीत: पाहणीचा हंगाम कोण ठरवणार, आणि गोळा केलेल्या मूळ नोंदी प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणाकडे राहणार.